घरचं कुत्रं म्हातारं होतं तेव्हा



या अंकात शेळीपालनाचा पुढचा भाग द्यायचा ठरला होता. तो आता पुढच्या अंकात देईन. मध्येच कुत्र्याचा विषय का आला, ते सांगते.

मागच्या महिन्यात एका वस्तीवरच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. उठता उठता मी नेहमीसारखं विचारलं, "अजून कुणाला काही बोलायचंय का?" कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, आमचा वाघ्या दोन दिवस झाले उठंना. शेळी असती तर पशुसखीला विचारलं असतं. कुत्र्याचं कुणाला विचारू?" दोघी-तिघी हसल्या. मावशीही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग कुणी हसलं नाही.

त्या वाघ्याला तेरा वर्षं झालीत. मावशींचा मुलगा कंपनीत, गावाबाहेर. शेतीची वीज रात्रीची असली की मालक पाणी धरायला जातात. आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बाजूला ऊस आणि उसात बिबट्या. म्हणजे तेरा वर्षं रात्री घरात मावशी आणि दारात वाघ्या, असंच चाललंय. त्यांना रडू आलं यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बैठक सुटल्यावर चार जणींनी मला गाठून आपापल्या कुत्र्याचं विचारलं. तेव्हा वाटलं, हे एकदा सगळ्यांसाठी लिहूनच काढावं. मी डॉक्टर नाही. आमच्या घरच्या मोत्याच्या शेवटच्या वर्षात मी जे शिकले आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात बसून जे विचारून घेतलं, ते सांगते.

वय झालं म्हणजे नक्की काय झालं?

आपल्याकडचं मध्यम अंगाचं गावठी कुत्रं साधारण नऊ-दहा वर्षांचं झालं की म्हातारपणाकडे झुकतं. थोराड हाडापेराचं असेल तर त्याआधीच. तोंडावरचे केस पांढरे होतात, झोप वाढते, ऐकू कमी येतं. डोळ्यांत निळसर धुरकट छटा दिसते. ती बऱ्याचदा वयाचीच असते आणि तिच्यामुळे नजर फारशी जात नाही. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा पडदा धरल्यासारखा दिसतो. नजर गेली तरी कुत्र्याचं बरंचसं काम नाकावर चालतं. म्हणून खाट, रांजण, सायकल यांच्या जागा बदलू नका, ते बिनबोभाट फिरत राहतं.

इतपत वयाचं झालं. पण "वय झालं, आता काय करायचं" असं म्हणून आपण ज्या गोष्टी सोडून देतो, त्यातल्या कितीतरी वयाच्या नसतातच. ते दुखणं असतं, आणि दुखण्यावर औषध असतं.

गोचीड ताप घ्या. कुत्रं मलूल पडतं, खात नाही, अंग तापतं. ओठ वर करून बघा, हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या किंवा पिवळसर दिसल्या, किंवा नाकातून रक्त आलं, तर दवाखान्यात न्यायलाच हवं. वेळेत गेलात तर म्हातारं कुत्रंही यातून उठतं. मात्र गोचीड मारायला पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर फवारू नका. त्याने कुत्रं मरतं. खरजेला जळकं ऑइल लावायची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडा. कुत्रं अंग चाटतं आणि ते सगळं पोटात जातं.

दुसरं, पाणी. कुत्रं अचानक खूप पाणी प्यायला लागलं, लघवी वाढली आणि अंग उतरत चाललं, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. हो, कुत्र्यालाही मधुमेह होतो. ओटीवर लघवी होते म्हणून काही जणी पाणीच कमी ठेवतात. असं करू नका. मूत्रपिंड थकलेलं असताना पाणी तोडलं तर कुत्रं झपाट्याने खालावतं.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती मलूल झाली, पाणी खूप पिऊ लागली, मागून पू किंवा घाण येऊ लागली किंवा पोट फुगलं, तर पिशवीत पू झालेला असू शकतो. कधी कधी बाहेर काहीच येत नाही आणि आत पू साठत राहतो. यात उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नसबंदी केलेल्या मादीला हा आजार सहसा होत नाही. स्तनाच्या रांगेत गाठ लागते का, तेही अंघोळ घालताना हाताने चाचपून बघत जा.

लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब येत असतील, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसत असेल, तर लाजून गप्प बसू नका. हा कुत्र्यांमध्ये जुगण्यातून पसरणारा गाठीचा आजार आहे. आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शनं घेतली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. आमच्याकडे लोक ही कुत्री दगड मारून हाकलतात.

दातांचं तर कुणी बघतच नाही. भाकरी तोंडात धरून टाकून देतंय, एका बाजूनेच चावतंय, तोंडाला घाण वास येतोय, म्हणजे त्याला भूक आहे पण दात दुखतोय. रात्री झोपल्यावर खोकला येत असेल तर हृदयाचा त्रास असू शकतो. ते गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. तीसच्या आत असेल तर ठीक. रोज त्याच्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगा.

माझ्या हातून झालेली चूक

आमचा मोत्या बारा वर्षांचा झाला आणि सकाळी उठताना मागचे पाय ओढायला लागला. उन्हात थोडं चालला की मोकळा व्हायचा. थंडीत जास्त अडायचा. हे सांध्यांचं दुखणं, आपल्या आजीच्या गुडघ्यांसारखंच. एका रात्री तो कण्हत होता. मी सुट्टीला घरी आले होते. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी, घरात सगळ्यांत शहाणी. आजीच्या डब्यातली गुडघेदुखीची गोळी काढली आणि गुळाच्या खड्यात घालून त्याला दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक दिली.

तिसऱ्या दिवशी त्याला काळपट उलटी झाली, शेणही डांबरासारखं काळं. पोटात रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी चार दिवस सलाईन लावलं, तेव्हा वाचला. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुम्ही एकट्या नाही, महिन्याला असे दोन-तीन येतात."

म्हणून हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, पॅरासिटामॉल, आपल्या दुखण्या-तापाची कुठलीही गोळी कुत्र्याला स्वतःच्या मनाने द्यायची नाही. पोट, मूत्रपिंड, यकृत यांपैकी काही ना काही जातं. कुत्र्यांसाठीची दुखण्याची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टर वजन बघून देतात. जाता जाता सांगते, हेच डायक्लोफिनॅक पूर्वी गायीम्हशींना सर्रास टोचायचे. ती मेलेली जनावरं खाऊन आपल्याकडची गिधाडं मेली, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आहे. आपल्या आजीला सोसतं ते सगळ्यांना सोसतं असं नाही.

घरात करण्यासारखं

यात पैसा फार लागत नाही. आपल्या घरात जे पडलेलं असतं त्यातच बरंच होतं.

शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात. एकदा घसरलं की ते उठायलाच घाबरतं. त्याच्या जायच्या-यायच्या वाटेवर गोणपाट अंथरा. झोपायला जाड गोधडी द्या, खाली पोतं. नखं वाढून वळली असतील तर कापून घ्या. ते चालत नाही म्हणून नखं झिजत नाहीत, आणि नखं टोचतात म्हणून ते आणखी चालत नाही.

मागून उठता येत नसेल तर जुनं सुती लुगडं घडी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घाला आणि दोन्ही टोकं वर धरा. झोळीसारखं. त्याचं वजन आपण थोडं उचललं की ते पुढच्या पायांनी चालतं आणि लघवीला जाऊन येतं. माझी आई रोज दोनदा असं करायची, एका हातात लुगडं आणि दुसऱ्या हातात मोबाईल.

एका जागी पडून राहिलं तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर कोपरावर, खुब्यावर जखमा होतात. लघवीने भिजलं तर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत आळ्या पडतात. तेव्हा फिनेल, रॉकेल ओतू नका. दवाखान्यात नेऊन आळ्या काढून घ्या आणि डॉक्टर देतील तेच मलम लावा.

खायला भाकरी चुरून फोडणीआधीच्या कोमट वरणात भिजवा. उकडलेलं अंडं, भात, सोसत असेल तर थोडं दही. एकदम पोटभर घालण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं द्या. उरलेला रस्सा मात्र नको. आपल्या वाटणात कांदा-लसूण असतो आणि कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्ताला मारक असतो. ज्यांच्याकडे द्राक्षबागा आहेत त्यांनी पडलेली द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत, त्याने मूत्रपिंड जातं. कोंबडीची शिजलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या होऊन आतड्यात रुततात.

ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला झोपेत एकदम हात लावला तर ते दचकून चावतं. त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो. पोरांना सांगा, आधी जमिनीवर पाय आपटायचा, त्याने मान वर केली की मग जवळ जायचं. काही कुत्री फार म्हातारी झाली की रात्री भिंतीकडे तोंड करून भुंकतात, ओळखीच्या दारातच वाट चुकतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांचं होतं तसंच हे विसरणं आहे. एक बारीक दिवा चालू ठेवा, खायची-झोपायची वेळ तीच ठेवा. आणि आपल्या भागात एवढं तरी कराच, रात्री त्याला अंगणात बांधून ठेवू नका. ज्याला ऐकू येत नाही आणि पळता येत नाही असं बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतंच मिळतं. गोठ्यात आत घ्या आणि दार लावा.

इथे जपून

सगळं म्हातारपणाचंच समजू नका. कुत्रं दोन-चार दिवसांत अचानक बदललं, जबडा लोंबायला लागला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, विनाकारण चावायला धावतंय किंवा अंधारात दडून बसतंय, तर पिसाळण्याचा, म्हणजे रेबीजचा, संशय धरायचा. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी धावतंच असं नाही. काही कुत्री गप्प पडून राहतात. अशा वेळी "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालणारी माणसं मी पाहिलीत. असं चुकूनही करू नका. त्याला खोलीत किंवा गोठ्यात एकटं कोंडा, पोरांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली, तर लगेच साबण आणि वाहतं पाणी घेऊन पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. जितके डोस सांगतील तितके पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडू नका. रेबीज एकदा उमटला की माणूस वाचत नाही. आणि म्हाताऱ्या कुत्र्यालाही दर वर्षी लस द्यायची असते. "आता किती दिवस राहिलेत त्याचे" म्हणून लस चुकवू नका.

कॅलेंडरवरचा हिशोब

आता अवघड भाग. कधी थांबायचं?

आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतो ना, तसंच करा. आधी ठरवा, आपल्या कुत्र्याला आयुष्यभर कोणत्या तीन गोष्टी आवडल्या. मोत्याच्या तीन होत्या. वडिलांच्या गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत जाणं, आईच्या हातची भाकरी आणि संध्याकाळी चुलीपाशी बसणं. रोज झोपताना बघायचं, यातल्या दोन तरी आज झाल्या का? झाल्या तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. महिन्याभरात फुल्या जास्त झाल्या तर डॉक्टरांशी बोलायची वेळ आली. हे लिहून ठेवावं लागतं, कारण मन फसवतं. एक दिवस ते शेपूट हलवतं आणि आपण मागचे सहा दिवस विसरतो.

डॉक्टरांना सरळ विचारा, "या औषधाने बरा होईल, की दिवस फक्त लांबतील? दुखणं कमी होईल का? खर्च किती येईल?" हे विचारण्यात कमीपणा नाही. एका गटात कुत्र्याच्या उपचाराला अंतर्गत कर्ज द्यावं का यावर अर्धा तास वाद झाला होता. माझं मत विचाराल तर गोचीड तापासारख्या बऱ्या होणाऱ्या दुखण्याला जरूर द्या. जिथे डॉक्टरच मान हलवतात, तिथे व्याजाचा पैसा घालू नका. तिथे त्याचं दुखणं कमी करणारं औषध आणि मऊ अंथरूण पुरे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतात. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. ती सोय मुख्यतः गुरांसाठी आहे, कुत्र्यासाठी गाडी येईल का ते फोनवरच विचारा. पशुसखीला सांगून ठेवलं तर डॉक्टर कोणत्या दिवशी कोणत्या गावात आहेत ते ती सांगू शकते. कुत्र्याला इंजेक्शन मात्र तिच्याकडून घेऊ नका, तिचं प्रशिक्षण शेळ्या-कोंबड्यांचं आहे.

आजार बरा होणार नाही आणि त्रास थांबत नाही, अशा वेळी डॉक्टर दयामरण देऊ शकतात. आधी गुंगीचं इंजेक्शन, त्याने कुत्रं गाढ झोपतं. मग दुसरं, काही मिनिटांत सगळं शांत. त्याला कळत नाही. हे फक्त डॉक्टरांनीच करायचं असतं. गावात याऐवजी जे होतं ते तुम्हालाही माहीत आहे. भाकरीतून विष घालतात, किंवा पोत्यात घालून लांबच्या बाजाराला सोडून येतात. विषाने मरणाऱ्या कुत्र्याला आचके येत राहतात. आणि सोडून दिलेलं म्हातारं कुत्रं उपाशी, बाकीच्या कुत्र्यांच्या तोंडी मरतं. उपासमार होईल असं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. "दारात मेलेलं बरं नसतं" म्हणणाऱ्या सासूबाईंना खंडोबाच्या कुत्र्याची आठवण करून द्या, त्या ऐकतील.

पोरांना "पळून गेला" असं सांगू नका. ती महिनाभर शोधत राहतात. पुरायचं तर विहीर, ओढा सोडून, तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, नाहीतर दुसरी कुत्री उकरतात. रेबीजचा संशय असेल तर हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि रडू आलं तर येऊ द्या. "कुत्र्यासाठी काय रडतेस" म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. दिवसभर घरी आपण असतो, त्याला खायला आपण घालतो, त्याचं आपल्यालाच लागतं. आमचा मोत्या त्या गोळीच्या प्रकारानंतर पाच महिने जगला. शेवटच्या महिन्यात बावीस फुल्या होत्या. डॉक्टर घरी आले, आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी पायाशी होते. आंब्याखाली पुरला. आई अजून संध्याकाळी भाकरी थापताना एक जास्त थापते, मग ती गाईला घालते.

त्या मावशींच्या वाघ्याचं राहिलंच. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मावशी आणि शेजारच्या ताईंनी त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सांध्यांचं दुखणं होतंच, पण तो पडला होता गोचीड तापाने. पाचव्या दिवशी उठला. आता पूर्वीसारखा भुंकत नाही, रात्री गोठ्यात झोपतो. काल मावशींनी कॅलेंडरचा फोटो पाठवला. एकोणीस खुणा, सात फुल्या. खाली लिहिलंय, "मॅडम, रेबीजची लस राहिलीय, शिबिर कधी आहे?" डॉक्टरांशी बोलून तारीख ठरली की सगळ्या ग्रामसंघांना कळवते. तोवर आपापल्या वस्तीवर किती कुत्री आहेत त्याची यादी सीआरपी ताईंकडे द्या, म्हाताऱ्या कुत्र्यांसकट.